वावरचा प्रश्न आणि मुंबईचे सभागृह



आजचा विषय आहे राज्याचे विधिमंडळ. हा धडा आपण सगळ्यांनी शाळेत वाचलेला आहे. विधानसभेत सदस्य किती, विधान परिषदेत किती, विधेयकाची वाचने किती, राज्यपाल सही कधी करतात. परीक्षा झाली की विसरलो. मी आज तोच धडा सांगणार आहे, पण एका गावाच्या बाजूने. गावाचे नाव वावर. जव्हार तालुका, तेव्हाचा ठाणे जिल्हा, आताचा पालघर. आजूबाजूला डोंगरउतार, नागली-वरईची शेती, पाड्यापाड्यांनी विखुरलेली वस्ती. वारली, कोकणा, कातकरी, ठाकूर, महादेव कोळी अशी माणसे.

वावर आणि शेजारचे वांगणी ही नावे उभ्या महाराष्ट्राने ऐकली ती १९९२-९३ साली. या भागात कुपोषणाने आणि त्यापाठोपाठ येणाऱ्या आजारांनी मुले दगावली. शंभराहून अधिक बालमृत्यूंची नोंद त्या काळच्या बातम्यांत आणि नंतरच्या लिखाणात येते. मंत्री आले, अधिकारी आले, पत्रकार आले. ‘वावर-वांगणी’ हा शब्दच पुढे कुपोषणाचे दुसरे नाव झाला.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. १९९२ साली वावर अनाथ नव्हते. स्वातंत्र्याला पंचेचाळीस वर्षे झाली होती. जव्हार नावाचा विधानसभा मतदारसंघ होता, तो अनुसूचित जमातीसाठी राखीव होता, त्याचा आमदार सभागृहात बसत होता. रोजगार हमीचा कायदा होता. आदिवासींची जमीन वाचवणारा कायदा होता. अंगणवाडीची योजना होती. सगळे कागद जागेवर होते, आणि मुले गेली.

मग विधिमंडळ नेमके कशासाठी असते? कायदे करण्यासाठी, असे आपण पटकन म्हणतो. ते अर्धेच उत्तर आहे. उरलेले अर्धे शोधायला जरा मागे जावे लागेल.

विचारण्याचा हक्क

१८६१ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात कायदे करणारे कौन्सिल आले आणि त्याची पहिली बैठक २२ जानेवारी १८६२ रोजी मुंबईच्या टाउन हॉलमध्ये भरली. सदस्य गव्हर्नरने नेमलेले. जगन्नाथ शंकरशेट त्यांत होते. पण या सदस्यांना करता काय येत होते? सरकारने समोर ठेवलेल्या कायद्याच्या मसुद्यावर बोलता येई. सरकारला प्रश्न विचारता येत नसे. अंदाजपत्रकावर चर्चा करता येत नसे.

प्रश्न विचारायला परवानगी मिळाली ती १८९२ च्या कायद्याने. म्हणजे पुरी तीस वर्षे सभागृह होते, पण प्रश्न नव्हता. १८९२ नंतरही एकच प्रश्न, एकच उत्तर. उत्तर उडवाउडवीचे आले तरी पुढे विचारायचे नाही. ज्याला आपण उपप्रश्न म्हणतो तो १९०९ च्या सुधारणांनी आला, आणि तोही मूळ प्रश्न विचारणाऱ्यापुरता. १९०१ मध्ये जमीन महसूल कायद्याच्या दुरुस्तीवर सरकार ऐकेना, तेव्हा फिरोजशहा मेहता, गोखले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सभात्याग केला. मतदानात जिंकण्याची शक्यताच नव्हती, मग उठून जाणे हेच त्यांचे बोलणे झाले.

आपण विधिमंडळाचा इतिहास साधारणपणे मताधिकाराचा इतिहास म्हणून सांगतो. कोणाला मत मिळाले, कधी मिळाले. तो आहेच. पण तो विचारण्याच्या हक्काचाही इतिहास आहे. सरकारला उभे करून ‘हे खरे आहे काय’ असे विचारता येणे, ही कमवावी लागलेली गोष्ट आहे.

नकाशावर होते, सभागृहात नव्हते

हे सगळे मुंबईत चालले असताना वावर कुठे होते? जव्हार संस्थानात. मुकणे राजघराण्याचे हे छोटे संस्थान. त्याला मुंबईचे कौन्सिल लागू नाही. तिथला कायदा म्हणजे दरबार. शेजारचे मोखाडे मात्र ब्रिटिश मुलखात, ठाणे जिल्ह्यात. म्हणजे एका डोंगराच्या अलीकडे राजा आणि पलीकडे कलेक्टर.

मग मोखाड्याला तरी मुंबईचे कायदे लागू होते का? इथे गोष्ट मोठी रंजक आहे. १९३५ च्या कायद्याने प्रांतांना मोठे अधिकार दिले. १९३७ मध्ये मुंबईत दोन सभागृहे आली. खालच्या सभागृहात १७५ सदस्य, गणेश वासुदेव मावळंकर त्याचे अध्यक्ष. या १७५ जागांत ‘मागास प्रदेश व जमाती’ यांच्यासाठी राखीव जागा किती? एक. साऱ्या मुंबई प्रांतात एक. तेव्हाचा प्रांत म्हणजे गुजरातेतल्या पंचमहालापासून कर्नाटकातल्या धारवाडपर्यंत.

शिवाय त्याच कायद्याखाली काही प्रदेश ‘अंशतः वगळलेले’ म्हणून जाहीर झाले. ठाणे जिल्ह्यातले डहाणू, उंबरगाव आणि मोखाडा हे त्यांत होते. याचा अर्थ असा, की मुंबईच्या सभागृहाने केलेला कायदा मोखाड्यात आपोआप लागू होणार नाही. गव्हर्नर म्हणेल तर होईल, गव्हर्नर म्हणेल तेवढाच होईल. हेतू सांगितला जाई संरक्षणाचा. आदिवासींना सावकाराच्या आणि वकिलाच्या कायद्यापासून वाचवायचे, वगैरे.

प्रत्यक्षात काय होते? डी. सिमिंग्टन नावाच्या सनदी अधिकाऱ्याला या अंशतः वगळलेल्या प्रदेशांची पाहणी करायला सांगितले होते. त्याचा अहवाल १९३९ मध्ये आला. कर्जापोटी पिढ्यान्‌पिढ्या जमीनदाराकडे राबणारी माणसे, वेठबिगार, मारहाण, हे त्याने सरकारी भाषेत पण स्पष्ट लिहून ठेवले. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवराबायको दोघेही बांधले जात. त्यांना लग्नगडी म्हणत. ही वेठ मोडली ती १९४५ पासूनच्या वारल्यांच्या उठावाने. गोदावरी आणि शामराव परुळेकर त्यात होते, आणि त्यांच्याबरोबर हजारो वारली होते, ज्यांना सभागृहात जागा नव्हती. म्हणजे अहवाल सभागृहाच्या टेबलावर आणि उठाव जंगलात.

जागा मिळाली, ती कशी

१९४८ मध्ये जव्हार संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. १९५० मध्ये घटना आली. वावरच्या माणसाला पहिल्यांदा मत मिळाले, आणि नुसते मत नाही, राखीव जागाही मिळाली. घटनेच्या ३३२ व्या कलमाने राज्याच्या विधानसभेत अनुसूचित जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात जागा ठेवायच्या ठरवल्या.

आज महाराष्ट्राच्या विधानसभेत २८८ सदस्य आहेत. १९६० मध्ये राज्य झाले तेव्हा २६४ होते, मग २७०, आणि १९७८ पासून २८८. त्यांत २५ जागा अनुसूचित जमातींसाठी, २९ अनुसूचित जातींसाठी. पालघर जिल्ह्यातल्या सहा मतदारसंघांपैकी डहाणू, विक्रमगड, पालघर आणि बोईसर हे चार अनुसूचित जमातीसाठी राखीव आहेत. जव्हार नावाचा मतदारसंघ २००८ च्या पुनर्रचनेत गेला. आता जव्हार आणि मोखाडा विक्रमगड मतदारसंघात येतात.

आणि विधान परिषद? ती आहे ७८ सदस्यांची. तीस सदस्य आमदार निवडतात, बावीस स्थानिक स्वराज्य संस्थांचे, सात पदवीधरांचे, सात शिक्षकांचे, आणि बारा राज्यपालनियुक्त. आता वावरच्या बाजूने हे बघा. पदवीधर मतदारसंघात मत द्यायला पदवी पाहिजे. स्थानिक संस्थांच्या मतदारसंघात नगरपरिषदेच्या आणि जिल्हा परिषदेच्या सदस्याला मत आहे, ग्रामपंचायतीच्या सदस्याला नाही. आणि ३३२ वे कलम फक्त विधानसभेपुरते आहे. विधान परिषदेत अनुसूचित जमातीला एकही राखीव जागा नाही. म्हणजे एका सभागृहात वावरला दार आहे, दुसऱ्यात खिडकीसुद्धा शोधावी लागते.

तरी या दुसऱ्या सभागृहाला मोडीत काढू नका. पैशाच्या विधेयकावर त्याला फक्त चौदा दिवस मिळतात, साधे विधेयक ते काही महिने लांबवू शकते, अडवू शकत नाही, हे खरे. पण महाराष्ट्राने देशाला दिलेला एक मोठा कायदा याच सभागृहाच्या सभापतीच्या डोक्यातून आला. वि. स. पागे. १९६० पासून १९७८ पर्यंत ते सभापती होते. काम मागणाऱ्याला काम देणे ही सरकारची जबाबदारी, ही त्यांची कल्पना. आधी तासगाव भागात प्रयोग झाला, मग १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर उतरली. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. पंधरा दिवसांत काम नाही दिले तर बेकारभत्ता. आणि पैसा कुठून? शहरातल्या नोकरदार-व्यावसायिकांवर १९७५ साली बसवलेल्या व्यवसायकरातून, आणि त्यात सरकारची तितकीच भर. मोखाड्याच्या डोंगरांतले वैतरणेचे पाणी मुंबईच्या नळाला जाते. त्याच मुंबईच्या पगारपत्रकातून कापलेले पैसे मोखाड्याच्या बांधबंदिस्तीच्या कामावर यावेत, अशी ही सोय होती.

दुसरा कायदा जमिनीचा. १९७४ मध्ये जमीन महसूल संहितेत ३६-अ कलम आले: आदिवासीची जमीन परवानगीशिवाय बिगरआदिवासीकडे जाणार नाही. त्याला जोडून १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात गेलेल्या जमिनी परत देण्याचा कायदा. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढवला गेला, आणि १९८४ मध्ये तिथे टिकला.

तेव्हा कायदे चांगले झाले नाहीत, असे कोणी म्हणू नये. मग १९९२ मध्ये काय चुकले?

हे खरे आहे काय?

विधानसभेची प्रश्नोत्तरांची यादी कधी मिळाली तर जरूर वाचा. तिची एक ठरलेली भाषा आहे. आमदार विचारतो: अमुक तालुक्यात अमुक महिन्यात इतकी बालके दगावली, हे खरे आहे काय? असल्यास, चौकशी केली आहे काय? चौकशीत काय आढळून आले? नसल्यास, विलंबाची कारणे काय? आणि मंत्र्यांचे उत्तरही ठरलेले: ‘हे खरे आहे’, ‘अंशतः खरे आहे’, ‘हे खरे नाही’. पहिल्याला ‘खरे नाही’ म्हटले की खालच्या सगळ्यांना एकच उत्तर, ‘प्रश्न उद्भवत नाही’.

कुपोषणाचे गणित इथे अडकते. मूल दगावते तेव्हा दाखल्यावर कारण लिहिले जाते न्यूमोनिया, जुलाब, कमी वजन, ताप. ‘भूक’ असा रकाना नसतो. मग ‘कुपोषणाने मृत्यू झाले, हे खरे आहे काय’ या प्रश्नाला ‘हे खरे नाही’ असे उत्तर देता येते, आणि कागदावर ते खोटेही नसते. सगळे ओझे येते प्रश्न कसा विचारला त्यावर. मृत्यूचे कारण विचारण्याऐवजी असे विचारले तर? अमुक महिन्यात या पाड्यांवर रोजगार हमीची किती कामे चालू होती? मजुरी किती दिवसांनी मिळाली? रेशन दुकानात धान्य कोणत्या तारखेला पोचले? अंगणवाडीत किती मुलांचे वजन घेतले? याला ‘उद्भवत नाही’ म्हणता येत नाही. आकडाच द्यावा लागतो.

आणि असा प्रश्न आमदाराच्या डोक्यात मुंबईत बसून येत नाही. दिवाळीनंतर वावरची घरे कुलूप लावून भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर जातात. मूल बरोबर जाते, अंगणवाडीच्या वहीतले नाव मागे राहते. हे ज्याला माहीत, तोच बरोबर जागी बोट ठेवणारा प्रश्न लिहून देऊ शकतो. म्हणून कष्टकरी संघटना, श्रमजीवी संघटना यांच्यासारख्या संघटनांचे काम आणि सभागृहाचे काम एकमेकांपासून तोडता येत नाही.

सभागृहाकडे एवढेच हत्यार नाही. लक्षवेधी सूचना आहे, अर्धा तास चर्चा आहे, स्थगन प्रस्ताव आहे. मंत्री उभे राहून ‘करू’ म्हणाले, तर ते ‘करू’ टिपून ठेवणारी आश्वासन समिती आहे. अनुसूचित जमाती कल्याण समिती आहे, रोजगार हमी योजनेची समिती आहे, झालेला खर्च तपासणारी लोकलेखा समिती आहे. या समित्यांत सगळ्या पक्षांचे सदस्य असतात, कॅमेरे नसतात, आणि खात्याच्या सचिवाला समोर बसून उत्तर द्यावे लागते. वर्तमानपत्रात येतो तो सभागृहातला गोंधळ. खरे धान्य या समित्यांच्या जात्यात दळले जाते, आणि ते जाते कधी कधी फार हळू फिरते.

मग पैसा. सभागृहाच्या मंजुरीशिवाय तिजोरीतून एक रुपया काढता येत नाही. विनियोजन विधेयक ते यासाठी. आदिवासींच्या नावाने मांडलेला पैसा खात्याखात्यांत विरघळून जातो, ही जुनी तक्रार होती. सुकथनकर समितीने सांगितले, की राज्याच्या योजनेतला आदिवासींच्या लोकसंख्येच्या प्रमाणातला, म्हणजे सुमारे नऊ टक्के वाटा आधी बाजूला काढा, आणि तो आदिवासी विकास विभागाच्या हाती द्या. १९९३-९४ पासून महाराष्ट्राने ते स्वीकारले. वावरनंतर जव्हारला अप्पर जिल्हाधिकारी कार्यालय आले, १९९५ मध्ये नवसंजीवनी योजना आली. म्हणजे काहीच झाले नाही, असे नाही. पण अर्थसंकल्पाच्या अधिवेशनात मागण्यांवर चर्चेला दिवस मोजके असतात. शेवटच्या दिवशी उरलेल्या मागण्या चर्चेविना एकदम मंजूर होतात. त्याला सभागृहाच्या बोलीत गिलोटिन म्हणतात. आपल्या खात्याची मागणी चर्चेला आली की गिलोटिनखाली गेली, हे दर मार्चमध्ये विचारण्यासारखे आहे.

राज्यपाल, आणि सगळ्यात लहान सभा

आता मघाच्या ‘अंशतः वगळलेल्या’ मोखाड्याकडे परत या. घटनाकारांनी ती कल्पना टाकून दिली नाही, उलटी करून घेतली. घटनेची पाचवी अनुसूची. जव्हार आणि मोखाडा हे दोन्ही तालुके १९८५ च्या आदेशाप्रमाणे पूर्ण अनुसूचित क्षेत्र आहेत. इथे राज्यपालांना आजही अधिकार आहे, की विधिमंडळाचा एखादा कायदा या भागात लागू करू नये किंवा बदल करून लागू करावा. फरक एवढा, की आता सोबतीला आदिवासी सल्लागार परिषद आहे. तिच्यात जास्तीत जास्त वीस सदस्य, आणि त्यांतले तीनचतुर्थांश शक्यतो विधानसभेतले आदिवासी आमदार. गव्हर्नर एकटाच ठरवी, ते दिवस गेले. निदान कागदावर गेले. २०१४ मध्ये राज्यपालांनी हा अधिकार वापरून अनुसूचित क्षेत्रातली काही सरकारी पदे स्थानिक आदिवासी उमेदवारांमधूनच भरावीत, अशी अधिसूचना काढली होती.

आणि शेवटची पायरी, ग्रामसभा. १९९६ च्या डिसेंबरमध्ये संसदेने पेसा कायदा केला. अनुसूचित क्षेत्रात पाड्याची ग्रामसभा हीच मूळ सभा, असा त्याचा अर्थ. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने १९९७ मध्ये ग्रामपंचायत कायद्यात तशी दुरुस्ती केली. पण कायदा सभागृह करते आणि नियम खाते करते. पेसाचे नियम निघाले ४ मार्च २०१४ रोजी. मधे सतरा वर्षे. १९९७ साली जन्मलेले पोर तोवर दहावी होऊन बाहेर पडले. त्या सतरा वर्षांत सभागृहाची अधिवेशने झाली, मुंबईत झाली, नागपुरात झाली. कायदा मंजूर झाला म्हणून टाळ्या एकदाच वाजतात. नियम कुठे आहेत, हे मात्र दर अधिवेशनात विचारावे लागते.

२०१६ मध्ये मोखाड्यातून पुन्हा बालमृत्यूंच्या बातम्या आल्या. जिल्हा वेगळा होऊन दोन वर्षे झाली होती. गरोदर आणि स्तनदा मातांना गरम जेवण देणारी अमृत आहार योजना आदल्याच वर्षी सुरू झाली होती. पुन्हा सगळे कागद जागेवर होते.

म्हणून मी सुरुवातीला म्हटले, की ‘कायदे करणे’ हे अर्धे उत्तर आहे. उरलेले अर्धे म्हणजे सरकारकडून हिशेब घेणे. कायदा एकदा होतो, हिशेब दर अधिवेशनात घ्यावा लागतो. वावरला १९५० मध्ये मत मिळाले, पुढे कायदे मिळाले, पैशाचा वाटा मिळाला. वावरच्या वतीने नेमके आणि सतत विचारणारे कोणी मिळाले की नाही, हा त्या गावाच्या जगण्यामरण्याचा प्रश्न होता आणि आहे.

दोन तारखा सांगून थांबतो. विधानसभेच्या जागा राज्याराज्यांत नव्याने मोजण्यावर घटनेने २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत बंधन घातले आहे. ते सुटले की मतदारसंघ पुन्हा आखले जातील. शहरे फुगली आहेत, डोंगरातली माणसे मोजणीच्या वेळी गावात असतील की वीटभट्टीवर, यावर बरेच ठरेल. आणि ३३२ व्या कलमाखालच्या राखीव जागांची सध्याची मुदत जानेवारी २०३० पर्यंत आहे. आजवर ती दर दहा वर्षांनी वाढत आली. ती का वाढवायची किंवा का नाही, यावर वाद होईल तेव्हा शहरातले लोक भरपूर बोलतील. त्या वेळी कोणीतरी एवढे नक्की सांगावे, की १९३७ साली साऱ्या प्रांतात अशी एकच जागा होती, आणि मोखाड्यातली माणसे तेव्हा लग्नगडी होती.

आता तुमचे प्रश्न घेऊ. उपप्रश्नालाही परवानगी आहे, आणि तो मूळ प्रश्न विचारणाऱ्यापुरता नाही.